मुसांडा उंचच वाढतोय, पानं पिवळी, रंग नाही? या चुका टाळा

रोपवाटिकेत फुललेला मुसांडा पाहिला की मोह आवरत नाही. मखमली लाल किंवा फिक्या गुलाबी रंगाने फांद्या इतक्या लगडलेल्या असतात की मागची पानंही दिसू नयेत. वर्षभराने बघावं तर तेच झाड काटकुळं झालेलं, खाली उघडं आणि वर चार फिकट पानं धरून उभं. बरं, काळजी घेण्यात कसूर झालेली नसते. रोज पाणी असतं, महिन्याला खत असतं. घोटाळा तिथेच आहे. बाराही महिने एकसारखी काळजी या झुडपाला चालत नाही. त्याचा वाढीचा काळ वेगळा आणि विसाव्याचा वेगळा. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा एका काळात करायची गोष्ट दुसऱ्या काळात केल्यामुळे होतात.

लाल मुसांडा, म्हणजे मुसांडा एरिथ्रोफिला, मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या उष्ण पट्ट्यातला. ‘अशांती ब्लड’ या नावानेही तो ओळखला जातो. जंगलाच्या कडेला दुसऱ्या झाडांवर रेलत तो वर चढतो. मुळांवर कुजलेल्या पानांचं आच्छादन, माती उबदार आणि ओलसर, शेंडा मात्र उन्हात. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं तर त्याच्या निम्म्या मागण्या आपोआप कळतात. गुलाबी आणि पीच रंगाचे जे मुसांडा मिळतात, ते बहुतेक या आफ्रिकी झुडपाचे आणि फिलिपिन्सच्या मुसांडा फिलिपिकाचे संकर आहेत. ‘डोन्या लुझ’, ‘क्वीन सिरिकिट’ यांसारखे प्रकार फिलिपिन्स विद्यापीठाच्या लॉस बान्योस केंद्रात तयार झाले. पांढरा ‘डोन्या ऑरोरा’ मात्र फिलिपिन्सच्याच जातीत आपोआप झालेला बदल आहे. काळजी साधारण सगळ्यांची सारखीच घ्यायची.

थंडीत पानं गळाली म्हणून पाणी वाढवणं

मुसांडा मरण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

रात्रीचं तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागलं की मुसांडाची वाढ थांबते. पानं पिवळी पडून गळायला लागतात. गारठा आणखी वाढून पारा १० अंशांच्या खाली गेला तर कोवळे शेंडे काळे पडतात. यातली पानगळ हा आजार नाही, झाड विसाव्याला गेलेलं आहे. पण पानं गळताना दिसली की आपला हात झारीकडे जातो. आता पानंच कमी असल्यामुळे झाड पाणी फारसं ओढत नाही. माती दिवसेंदिवस गार आणि चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही, बुरशी शिरते आणि मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून उरलेली पानंही माना टाकतात. ते बघून आणखी पाणी घातलं जातं.

पान मलूल दिसलं की आधी मातीत बोट घाला. वरची ५ सेंटिमीटर माती कोरडी असेल तर झाडाला तहान लागली आहे. माती ओली असूनही पान मलूल असेल तर दुखणं मुळांत आहे, तिथे पाणी हे औषध नाही. अशा वेळी झाड हलक्या हाताने कुंडीबाहेर काढून मुळं तपासा. निरोगी मूळ फिकट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी, लिबलिबीत असतं आणि ओढलं की त्याची साल हातात येते. असा भाग स्वच्छ कात्रीने कापून टाका. उरलेली मुळं मावतील एवढ्याच कुंडीत, निचरा होणाऱ्या नव्या मातीत झाड लावा. जितकी मुळं गेली त्या मानाने फांद्याही कमी करा, कारण थोडी मुळं मोठा डोलारा पोसू शकत नाहीत. नवे फुटवे दिसेपर्यंत खताला हात लावू नका.

थंडीनंतर नुसत्या काड्या उरलेलं झाड टाकून देण्याची घाईही नको. फांदीची साल नखाने थोडी खरवडून बघा. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे. वरून सुकलेली असेल तर खाली खाली खरवडत जा. रात्री उबदार व्हायला लागल्या की मुसांडा फुटतो, पण इतर झुडपांपेक्षा उशिरा जागा होतो. वाट बघावी लागते.

प्रत्येक पिवळ्या पानावर एकच इलाज करणं

पान पिवळं पडलं की ‘खत कमी पडतंय’ असा निष्कर्ष लगेच निघतो. मुसांडाचं पिवळं पान नीट बघितलं तर त्याचं दुखणं बरंचसं स्वतःच सांगतं. कुठलं पान पिवळं पडलंय आणि ते कसं पिवळं पडलंय, या दोन गोष्टी बघायच्या.

शेंड्याची नवी पानं फिकट पिवळी, पण त्यांच्या शिरा ठळक हिरव्या, असं दिसलं तर लोहाची कमतरता आहे. मुसांडात ही तक्रार फार आढळते. तो कॉफी, एक्झोरा आणि गार्डेनियाच्या कुळातला आहे आणि त्यांच्यासारखीच त्यालाही किंचित आम्लधर्मी माती लागते. सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप) ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा. सामू ७ च्या वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. त्यामुळे नुसतं आणखी खत टाकून काही साधत नाही. क्षारांचं जड पाणी सतत घातल्याने किंवा कुंडी चुन्याच्या भिंतीला, सिमेंटच्या ढिगाला लागून असल्यानेही माती हळूहळू अल्कधर्मी होत जाते. ताबडतोबीचा उपाय म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात द्या. कायमचा इलाज मात्र माती सुधारणं हाच. पानांचं कुजलेलं खत आणि कोकोपीट मिसळा, जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी घाला. जी पानं पिवळी झाली ती पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. सुधारणा दिसते ती पुढच्या पालवीत, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवा.

खालची जुनी पानं शिरांच्या मधल्या भागात पिवळी होत असतील तर मॅग्नेशियमचा विचार करा. जुनी पानं सरसकट फिकट होऊन झाडाची वाढही मंदावली असेल तर नत्र कमी पडतंय. थंडीत दोनचार जुनी पानं पिवळी पडून गळाली तर काहीच करू नका. पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत होत असतील तर मातीत क्षार साठले आहेत किंवा हवा फार कोरडी आहे. वाढीच्या दिवसांत कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहून जाईल असं दोनतीन वेळा सलग घातलं की क्षार धुऊन निघतात.

छाटायला जीव न होणं, किंवा भलत्या वेळी छाटणं

मुसांडाचा रंग येतो तो नव्या फुटव्याच्या टोकाला. जितकी नवी टोकं तितके गुच्छ, इतका साधा हिशोब आहे. छाटलं नाही तर जुन्या फांद्याच लांबत जातात, टोकाशी एकेक गुच्छ धरतात आणि खालून झाड बोडकं होतं. मूळ स्वभाव रेलत चढण्याचा असल्याने ते वाकडंतिकडंही पसरतं. उंच आणि विरळ झालेल्या मुसांडावर छाटणीशिवाय दुसरा उपाय नाही, आणि ती धीटपणे करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठी छाटणी थंडी सरताना करा, नवे डोळे फुगायला लागण्याच्या सुमारास. झाडाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग काढला तरी चालतो. मुसांडाची पानं जोडीने समोरासमोर येतात, म्हणून पेराच्या थोडं वर कापलं की तिथून बहुधा दोन फुटवे निघतात. ते वीतभर झाले की शेंडा खुडा, म्हणजे दोनाचे चार होतात. अगदी जुन्या, राखाडी, टणक लाकडापर्यंत सगळं झाड एकदम कापू नका. तिथले डोळे उठायला फार वेळ घेतात. फारच जुनं झाड असेल तर निम्म्या फांद्या यंदा आणि निम्म्या पुढच्या वर्षी कापा.

थंडी तोंडावर आलेली असताना केलेली छाटणी मात्र अंगाशी येते. कापल्यावर झाड कोवळी पालवी काढतं आणि तीच पालवी गारठ्यात करपते. शेंडे खुडणंही बहर अपेक्षित असण्याच्या पुरेसं आधी थांबवायला हवं. दर पंधरवड्याला कात्री लावलेलं झाड गोल, दाट आणि हिरवंगार राहतं, पण त्याला गुच्छ धरायला सवडच मिळत नाही.

पाकळ्या समजून भलत्याच गोष्टीची वाट बघणं

मुसांडाचा जो रंग आपण बघतो तो पाकळ्यांचा नसतो. खरं फूल लहान, चांदणीसारखं असतं. लाल मुसांडात ते दुधी रंगाचं आणि मध्यभागी लाल दिसतं. आफ्रिकी जातीत गुच्छातल्या काही फुलांचं एकेक निदल (कळीला बाहेरून झाकणारं दल) मोठं होऊन पानासारखं पसरतं आणि रंग धरतं. भरगच्च दिसणाऱ्या संकरित प्रकारांत पाचही निदलं अशी वाढतात. म्हणून घरचा लाल मुसांडा गुलाबी संकराइतका गच्च दिसत नसेल तर तो आजारी आहे असं समजू नका. जातच तशी आहे.

निदलं पाकळ्यांपेक्षा चिवट असल्याने रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. मधलं फूल गळालं म्हणून गुच्छ कापायची गरज नसते. निदलं तपकिरी पडायला लागली की खालच्या एकदोन पेरांसकट गुच्छ काढा, म्हणजे नवीन फुटवा तिथून निघेल.

सावलीत ठेवून बहर मागणं

दिवसातून किमान पाचसहा तास ऊन नसेल तर मुसांडा जगेल, पण नुसता पानांचा होईल. सकाळचं भरपूर ऊन आणि भर दुपारी थोडा आडोसा ही जागा उत्तम. कडक दुपारच्या उन्हात, विशेषतः तापलेल्या गच्चीवर, निदलांचा रंग उडतो आणि कुंडीतली मुळं भाजतात. तिथे कुंडीवर सुक्या पानांचं आच्छादन घालावं, किंवा ती दुसऱ्या कुंड्यांच्या मागे ठेवावी. सावलीतलं झाड उन्हात हलवायचं असेल तर आठदहा दिवसांत थोडंथोडं सरकवा. एकदम नेलं तर पानांवर करपल्याचे डाग पडतात.

ऊन भरपूर आहे, झाड हिरवंगार आहे, तरी रंग नाही, असं असेल तर नत्र जास्त होतंय का बघा. युरिया किंवा हिरवळीचं खत मिळणाऱ्या जागेत लावलेल्या मुसांडात हे हमखास दिसतं. वाढीच्या काळात समतोल खत थोडंथोडं द्या, नवे शेंडे तयार झाले की पोटॅशकडे वळा आणि थंडीत खत पूर्ण बंद ठेवा.

कीड पानांच्या वरून शोधणं

पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, मावा आणि लाल कोळी पानांच्या खाली आणि पेरांच्या बेचक्यात लपतात. पानांवरचा चिकटपणा म्हणजे किडींनी सोडलेला गोड द्रव, आणि काजळीसारखा काळा थर म्हणजे त्यावर मागाहून आलेली बुरशी. मूळ कारण वरच्या पानांखाली बसून रस शोषणाऱ्या किडी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं खालून धुवा, मग संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करा आणि आठवड्याने पुन्हा करा, कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत. पानं लवदार असल्यामुळे औषध आधी एका फांदीवर वापरून बघा.

फांदी खोचून रोप होईल असं धरून चालणं

जास्वंदाची फांदी रुजते तशी मुसांडाची सहज रुजत नाही, संकरित प्रकारांची तर नाहीच. त्यांच्यात सहसा बीही धरत नाही. छाट कलम करायचंच असेल तर उबदार, दमट दिवस निवडा. अर्धवट पक्व फांदीचे १० ते १२ सेंटिमीटरचे तुकडे घ्या, खालची पानं काढून वरच्या प्रत्येक पानाचा निम्मा भाग कापा, टोकाला मुळं फुटायची पावडर लावा आणि कोकोपीट व परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) यांच्या मिश्रणात खोचून वर पारदर्शक पिशवी झाका. उजेड हवा, थेट ऊन नको. तरी काही काड्या जातील, तेव्हा जास्त लावाव्यात.

घरच्या घरी करायला मला गुटी कलम जास्त भरवशाचं वाटतं, कारण मुळं फुटेपर्यंत फांदी आईच्या झाडावर पोसली जाते. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर पेराच्या खाली २ ते ३ सेंटिमीटर रुंद साल गोलाकार काढा आणि आतला बुळबुळीत थर खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. त्यावर ओलं, पिळून घेतलेलं शेवाळ बांधून प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं घट्ट करा. प्लास्टिकमधून मुळांची जाळी दिसायला दोन महिने किंवा जास्तही लागतात. एखादं पांढरं मूळ दिसताच फांदी कापू नका. जाळी भरल्यावरच कापा, लहान कुंडीत लावा आणि पहिले काही आठवडे सावलीत, दमट हवेत ठेवा.