बोन ते माकों: द्राक्षबागांतून सायकलने, गाड्यांच्या वाटेला न जाता

मी मूळची निफाडकडची, घरी द्राक्षबाग. नोकरीमुळे फ्रान्समध्ये लियोंला राहते. उन्हाळ्यात गावाकडून पाहुणे आले की त्यांना पॅरिस दाखवायचं काम मी दुसऱ्यांवर सोपवते आणि स्वतः त्यांना बरगंडी या वाइनच्या प्रांतात सायकलवर घेऊन जाते. सायकल येते पण रस्त्यावर गाड्यांची भीती वाटते, अशा माणसांसाठी हे लिहिते आहे. माझी आत्या साठी ओलांडलेली. बॅटरीवर चालणारी सायकल भाड्याने घेऊन तिने हा सगळा रस्ता केला.

रस्ता असा: बोन, तिथून दक्षिणेला सांतने, मग कालव्याच्या काठाने शालों, तिथून झिव्री, आणि झिव्रीपासून जुन्या रेल्वेमार्गावरून क्लुनी आणि माकों. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रोज तीस-पस्तीस किलोमीटर धरा. सरावाचा सायकलस्वार हे दीड दिवसात उरकेल, पण मग बागा पाहायच्या कधी? उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. इथे उत्तरेचा कोरडा गार वारा सुटतो, त्याला बीझ म्हणतात. तो तोंडावर घेण्यापेक्षा पाठीवर घेतलेला बरा.

लियोंहून किंवा पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून तेएर ही प्रादेशिक गाडी थेट बोनला जाते. तिच्यात सायकल न मोडता नेता येते, बहुतेक वेळा जादा पैसेही पडत नाहीत. जागा मात्र मोजक्याच असतात, म्हणून शुक्रवार संध्याकाळची गाडी टाळा. तेजेव्हे या वेगवान गाडीत बहुतेक वेळा सायकलची चाकं काढून ती पिशवीत भरावी लागते. त्या भानगडीत पडू नका. भारतातून येणाऱ्यांनी सायकल आणूच नये. बोनमध्ये चांगल्या सायकली भाड्याने मिळतात. घेताना टायर जरा रुंद पाहा आणि सगळ्यात हलका गिअर नीट पडतो ना, ते तिथेच चालवून बघा. सामान पाठीवर नको, मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत भरा.

बोन ते सांतने हा बावीस किलोमीटरचा पट्टा म्हणजे या सफरीचा गाभा. याला व्वा दे व्हिन्य म्हणतात, वेलींची वाट. मुख्य रस्ता डी ९७४ खालच्या अंगाला राहतो, त्याच्यावर उतरायचंच नाही. आपली वाट पोमार, व्होल्ने, मरसो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे अशी गावं घेत शेतातल्या सिमेंटच्या आणि डांबरी पाणंदींवरून जाते. हिरव्या-पांढऱ्या पाट्या दर वळणावर असतात. पाटी दिसेनाशी झाली तर पुढे रेटू नका, मागच्या वळणापर्यंत परत या. सगळ्या पाणंदी सारख्याच दिसतात आणि चुकलेली वाट बहुधा टेकडीवरच नेऊन सोडते. पोमार आणि व्होल्नेच्या मध्ये चढ आहेत, छोटे पण दम काढणारे. तिथे उतरून चालायला काहीच हरकत नाही.

चालताना बागेकडे बघा. आपल्याकडे वेल मांडवावर डोक्याच्या वर असतो, इथे तो कमरेच्या वर फारसा जात नाही. ओळीत साधारण एक मीटर अंतर, वेलातही तेवढंच, म्हणजे हेक्टरी दहा हजार झाडं. एकराचा हिशेब केला तर चार हजार. आपल्याकडे एकरी हजाराच्या आसपास असतात. ठिबकची नळी कुठे दिसत नाही. आत्या व्होल्नेच्या एका दगडी बांधाशी सायकल टेकवून ओणवी झाली आणि काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजायला लागली. खालच्या तारेला एकच काडी आडवी बांधलेली, तिच्यावर सात-आठ डोळे, आणि खोडाशी दोन डोळ्यांचा एक आखूड खुंट, पुढच्या वर्षासाठी राखलेला. छाटणीही वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. खरड छाटणी नाही, ऑक्टोबरची गोडी छाटणी नाही. छाटलेल्या काड्या लोखंडी पिंप आडवं कापून केलेल्या हातगाड्यांत बागेतच जाळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर टेकडीभर त्यांचा धूर दिसतो. आत्याला तिथून हलवायला बराच वेळ लागला, आणि मी घाई केली नाही.

बांधावरच्या दगडांवर, कमानींवर तुकड्यातुकड्यांची नावं कोरलेली दिसतील. इथे प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव आहे, त्याला क्लिमा म्हणतात. असे १२४७ तुकडे मिळून २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. एका पाणंदीच्या अलीकडची वाइन आणि पलीकडची वाइन यांच्या किमतीत कितीतरी पटींचा फरक पडतो. लाल वाइन बहुतेक पिनो न्वार या द्राक्षाची, पांढरी शार्दोने या द्राक्षाची. मरसोपासून पुढे पांढरीचा मुलूख.

ही पाणंद आधी शेतकऱ्याची आहे आणि मग आपली, हे मनात पक्कं ठेवा. ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून वेलींच्या वरून चालणारा एक उंच ट्रॅक्टर इथे असतो, आंजांबर. तो समोरून आला तर सायकल कडेला घेऊन थांबायचं. ड्रायव्हर हात वर करतो, आपणही करायचा. मे ते जुलै फवारणीचे दिवस. पंप चालू दिसला तर वारा कुठून आहे ते पाहून लांबच थांबा. बागाईतदाराच्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. घड तोडून तोंडात टाकायचा नाही, ओळीत शिरून फोटो काढायचे नाहीत. कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टात आपण पाय घालतो आहोत.

केव्हा यायचं? मे अखेर ते जून मध्य मला सगळ्यात आवडतो. दिवस मोठा आणि ऊन सोसवतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बागेत सावलीचा ठिपका नसतो, म्हणून सकाळी साडेसातलाच निघा. सप्टेंबरमध्ये तोडणी. पाहायला सुंदर, पण पाणंदींवर ट्रेलरची ये-जा वाढते आणि राहायला खोल्या मिळत नाहीत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनच्या जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव असतो, १८५९ पासून चालत आलेला. त्या आठवड्यात सायकलने येऊ नका. ते रुग्णालय मात्र एरवी आवर्जून पाहा. १४४३ साली स्थापन झालेलं आहे आणि अंगणात उभं राहिलं की रंगीत कौलांचं छप्पर दिसतं.

खाण्यापिण्याचं नियोजन सायकलपेक्षा जास्त महत्त्वाचं. दुपारी बारा ते दोन जेवण मिळेल, अडीचला मिळणार नाही. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यातली दुकानं बंद, म्हणून शनिवारी बोनचा बाजार करून ठेवा. शाकाहारी असाल तर बेकरीत कीश, म्हणजे अंडं-मलईचा खारा पाय, घेताना विचारून घ्या, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. सरळ बगेत हा लांब फ्रेंच ब्रेड, चीज, टोमॅटो आणि फळं घ्या, सोबत घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी. आम्ही तेच करतो आणि कालव्याच्या काठी बसून जेवतो. गावातल्या कारंज्यावर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर ते पाणी पिऊ नका. दोन बाटल्या भरून निघा आणि दिसेल तिथे पुन्हा भरा.

वाइन चाखायची तर दिवसाचं सायकलिंग संपल्यावर. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम. तळघरात चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात कुणी कमीपणा मानत नाही. बाकी कायदे थोडेच: उजव्या बाजूने चालायचं, कानात हेडफोन नको, बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट हवं. आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. खेड्यांतल्या अरुंद गल्ल्यांत हा नियम विसरलात तर गाठ गाडीशीच पडेल.

सांतनेला कालवा लागतो, तो शान्यीवरून पुढे जातो, काठचा रस्ता सपाट. शान्यीपासून शालोंपर्यंत साधारण वीस किलोमीटर पाण्याच्या कडेने. हा भाग पटकन होतो.

झिव्री ते क्लुनी ही ४४ किलोमीटरची वाट १९९७ मध्ये सुरू झाली. फ्रान्समधली ही पहिली व्वा व्हेर्त, म्हणजे रेल्वेचे रूळ काढून सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी केलेला रस्ता. आगगाडीचा मार्ग असल्यामुळे चढ जाणवत नाही. जुनी स्टेशनं अजून उभी आहेत. ब्युसी, सें-जांगू, कोरमातें अशी गावं येतात. लहान मुलं बरोबर असतील तर सफर इथूनच सुरू करा, व्वा दे व्हिन्यच्या चढांवर त्यांना नेऊ नका. कोरमातेंचा किल्लेवजा वाडा पाहायला दोन तास हाताशी ठेवा. क्लुनीत मुक्काम करा. मध्ययुगात ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं चर्च या गावात होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते दगडासाठी पाडलं गेलं. एक मनोरा आणि थोडे भाग उरलेत, तेवढ्यावरूनही मूळ आकाराचा अंदाज येतो.

क्लुनीनंतर ब्वा-क्लेरचा बोगदा, एक किलोमीटर सहाशे मीटर लांब. आत दिवे आहेत, तरी स्वतःचा दिवा लावा. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गारठा असतो, म्हणून तोंडाशी थांबून जाकीट चढवा आणि गॉगल काढा. हिवाळ्यात वटवाघळांसाठी बोगदा बंद ठेवतात. मग वरून खिंडीतून जावं लागतं, ती खरी चढण आहे. बोगद्यापलीकडे पुन्हा बागा सुरू होतात आणि उजवीकडे सोल्युत्रेचा कडा दिसायला लागतो. माकों जवळ आल्यावर वाट शार्नेपाशी संपते. उरलेले थोडे किलोमीटर शहरातून, पाट्या बघत, सावकाश. माकों-व्हील स्टेशनवरून लियोंची गाडी मिळते. माकों-लोशे नावाचं दुसरं स्टेशन शहराबाहेर आहे, तिथे फक्त तेजेव्हे थांबतात. तिकीट काढताना नाव नीट वाचा.