उरलेल्या ऑइल पेंटवर साय धरू नये म्हणून

दिवाळीआधी दारं-खिडक्या रंगवून उरलेला ऑइल पेंट बडोद्याचा उन्हाळा सरेपर्यंत डब्यातच आळतो, वर जाड साय धरते. व्हार्निशचंही तेच. दोष डब्यातल्या हवेचा.

आधी झाकणाची खाच टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसा. हेच बहुतेक जण टाळतात, मग वाळलेल्या रंगामुळे झाकण बसतच नाही. रंग निम्म्याहून कमी असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा. डब्यातच ठेवायचा असेल तर दुधाच्या पिशवीचा धुऊन वाळवलेला गोल तुकडा थेट रंगावर टेकवा. झाकणावर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका. शेडचा नंबर लिहायला विसरू नका.

पाण्या-सरबताच्या बाटलीत मात्र कधीही भरू नका, घरात मुलं असतात. गॅसपासूनही लांब ठेवा.