सोशल मीडिया कंपन्यांवर भरवसा नाही ना? मग या चुका टाळा

"हे लोक आपला डेटा विकतात, सगळं ऐकतात, काही खरं नाही यांचं" हे आता कुणीही म्हणतं, आणि म्हणणाऱ्याचं फार चुकतंय असंही नाही. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा कळलं की फेसबुकवरची एक पर्सनॅलिटी टेस्ट घेतली होती साधारण २ लाख ७० हजार लोकांनी आणि माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण टेस्ट देणाऱ्याच्या फ्रेंड्सचा डेटाही त्या अ‍ॅपला मिळत होता. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड ठोकला. तेव्हा संशय घेऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही, पण आपण संशय घेतो एका दारावर आणि उघडं ठेवतो दुसरंच, ते जरा बघूया.

माइक बंद केला की झालं, असं समजणं

मित्राशी बुटांबद्दल बोललो आणि लगेच बुटांची अ‍ॅड आली, हा किस्सा प्रत्येकाकडे एक तरी असतोच. नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली, गुपचूप आवाज रेकॉर्ड करून पाठवतंय असं एकही सापडलं नाही, सापडलं ते वेगळंच, काही अ‍ॅप्स तुम्ही स्क्रीनवर काय करता त्याचं रेकॉर्डिंग तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. माइकची परमिशन काढा, काढायलाच पाहिजे, पण अ‍ॅड येते त्याला तुमच्या आवाजाची गरजच नसते हो. त्या मित्राने घरी जाऊन बूट सर्च केलेले असतात, तुम्ही दोघं एकाच वाय-फायवर असता, दुकानाच्या साइटवर सोशल मीडिया कंपनीचा ट्रॅकिंग कोड (तुम्ही तिथे काय बघता ते कंपनीला कळवणारा) बसवलेला असतो आणि वर दुकानदार आपल्या ग्राहकांच्या ईमेलची यादी स्वतःच अपलोड करतो.

यावर करायचं काय तर फेसबुक-इन्स्टाच्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' उघडा, तिथे मेटाच्या (म्हणजे फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीच्या) बाहेरच्या अ‍ॅक्टिव्हिटीचा पर्याय आहे. कुठल्या साइट्सनी तुमची माहिती पाठवली त्याची यादीच दिसते, मी पहिल्यांदा बघितली तेव्हा बराच वेळ नुसता स्क्रोल करत बसलो होतो. आधीचं क्लिअर करा आणि पुढचं डिस्कनेक्टही करा. नुसतं क्लिअर करून लोक थांबतात आणि थोड्याच दिवसांत यादी परत भरते. अजून एक, हे केल्यावर अ‍ॅड्स कमी होत नाहीत, फक्त कमी नेमक्या होतात, म्हणजे "सेटिंग चालत नाही" अशी ओरड करू नका. आणि डिस्कनेक्ट म्हणजे माहिती कंपनीकडे पोचतच नाही असं नाही, ती तुमच्या अकाउंटला जोडली जात नाही एवढंच.

आयफोन असेल तर २०२१ पासून अ‍ॅप विचारतं ट्रॅक करू का, तिथे नाही म्हणा. त्या एका प्रश्नामुळे २०२२ मध्ये साधारण १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असा अंदाज मेटाने स्वतःच दिला होता, त्यावरून नाही म्हणण्याची किंमत समजून घ्या.

"मी परवानगी देत नाही" वालं स्टेटस

'माझे फोटो-पोस्ट वापरायला मी कंपनीला परवानगी देत नाही' असा मजकूर कॉपी-पेस्ट करून काहीही होत नाही. अकाउंट उघडताना अटी मान्य केलेल्या असतात, भिंतीवर चिकटवलेल्या निरोपाने त्या बदलत नाहीत. २०२४ मध्ये 'गुडबाय मेटा एआय' म्हणून हेच परत फिरलं, चांगले शिकलेले लोक टाकत होते. त्या वेळात पोस्ट पब्लिक आहेत का फ्रेंड्सपुरत्या तेवढं तपासलं असतं तरी जास्त उपयोग झाला असता.

कॉन्टॅक्ट्सला डोळे झाकून अलाऊ

मला विचाराल तर ही सगळ्यात महाग चूक, कारण इथे तुम्ही स्वतःचा नाही, दुसऱ्यांचा डेटा देताय. जो माणूस त्या अ‍ॅपवर कधी आलाच नाही त्याचा नंबर, आणि तुम्ही सेव्ह केलेलं त्याचं नाव, दोन्ही तिकडे जातं. एप्रिल २०२१ मध्ये ५३ कोटींहून जास्त फेसबुक अकाउंट्सची माहिती फोन नंबरसकट इंटरनेटवर फुकट पडलेली सापडली. ते हॅकिंग नव्हतं, फ्रेंड्स शोधायला कॉन्टॅक्ट इम्पोर्टची जी सोय होती तिच्यात ढिगाने नंबर टाकून कुठला नंबर कुणाचा ते लोकांनी काढून घेतलं होतं. भोक २०१९ मध्येच बुजवलं असं कंपनीने सांगितलं, पण गेलेले नंबर काय परत येतात होय? आयर्लंडच्या डेटा प्रोटेक्शन कमिशनने (लोकांच्या खासगी माहितीवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०२२ मध्ये त्यावर २६ कोटी ५० लाख युरो दंड लावला.

इथे हमखास होणारी गडबड म्हणजे फोनमधून परमिशन काढली की काम झालं असं वाटतं. आधी अपलोड झालेले कॉन्टॅक्ट्स त्याने पुसले जात नाहीत, अ‍ॅपच्या किंवा साइटच्या सेटिंगमध्ये जाऊन अपलोड केलेले कॉन्टॅक्ट्स वेगळे डिलीट करायला लागतात. आणि "फोन नंबरवरून मला कोण शोधू शकेल" हे सेटिंगही तिथेच बदलून टाका.

कोडसाठी दिलेला नंबर

ट्विटरने (आताचं एक्स) २०१३ ते २०१९ या काळात १४ कोटींहून जास्त लोकांकडून सुरक्षेच्या नावाखाली नंबर आणि ईमेल घेतले आणि ते अ‍ॅड्ससाठी वापरले, २०२२ मध्ये त्याबद्दल १५ कोटी डॉलर दंड भरावा लागला. हे ऐकून काही जण टू-स्टेप व्हेरिफिकेशनच (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) बंद करून टाकतात. अहो, असं करू नका, कुलूपवाल्यावर राग म्हणून दार सताड उघडं ठेवण्यातला प्रकार आहे हा. ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा, ते लॉगिनचे कोड फोनमध्येच तयार करतं, त्याला नंबर लागत नाही. फक्त बॅकअप कोड्स (अडचणीत लॉगिन करायला मिळतात ते) कागदावर लिहून ठेवा, फोन हरवला आणि कोड्स नसले की मग अकाउंट परत मिळवायला तुम्हीच आयडी प्रूफचे फोटो पाठवत बसता, त्याच कंपनीला.

अ‍ॅप बदललं पण बॅकअप तसाच

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या पॉलिसीवरून केवढा गोंधळ झाला, लोक धडाधड सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपवर गेले, कंपनीला ती पॉलिसी मान्य करायची तारीख ८ फेब्रुवारीची १५ मे करावी लागली. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज तर २०१६ पासूनच एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होते, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येत नव्हते. पण क्लाउडवरच्या बॅकअपला तसं कुलूप ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं आणि ते आपलं आपण चालू करावं लागतं. चॅट बॅकअपमध्ये जाऊन बघा चालू आहे का. बॅकअपला लावलेला पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो उघडून देऊ शकत नाही, ते आधी लक्षात घ्या.

रागाच्या भरात डिलीट

डीअ‍ॅक्टिव्हेट म्हणजे डिलीट नाही आणि फोनवरून अ‍ॅप काढणं म्हणजे तर दोन्ही नाही. खरंच जायचं असेल तर आधी डेटाची कॉपी डाउनलोड करा, मग 'लॉगिन विथ फेसबुक' करून कुठे कुठे अकाउंट उघडलेत ती यादी बघा आणि तिथे ईमेल-पासवर्ड टाकून घ्या, नाहीतर त्या साइट्सचं दारही तुमच्यासाठी बंद होईल आणि दोन दिवसांत परत यावं लागेल. मग डिलीट. फेसबुक ३० दिवस थांबतं, तेवढ्यात लॉगिन केलंत तर डिलीट रद्द करायचा पर्याय समोर येतो, आणि सर्व्हरवरून सगळं निघायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. जुन्या टॅबवर किंवा मुलांच्या फोनवर तुमचं लॉगिन राहिलं असेल तर ते आधी काढून टाका.