गोलातल्या गप्पांचा अभ्यास करताय? मग या चुका टाळा

अंगणवाडीत, बालवाडीत ताई लेकरांना गोलात बसवून गप्पा मारतात ना, त्या गप्पांचा अभ्यास करायला आता बरेच जण येतात, कुणाचा एमएडचा प्रोजेक्ट असतो, कुणी संस्थेकडून आलेलं असतं. मी परभणी-हिंगोली भागात हे काम केलंय आणि रिपोर्टांमधे एक वाक्य सारखं वाचते, "ग्रामीण भागातील मुले गटात बोलत नाहीत". प्लीज हे वाक्य लिहायच्या आधी रेकॉर्डिंग परत एकदा ऐका. लेकरं बोललेली असतात, आपल्याला ते ऐकू आलेलं नसतं.

माझ्याकडून झालेली चूकच सांगते. पावसाळ्याचे दिवस, पत्र्याची खोली, वीस-बावीस लेकरं. ताईंनी विचारलं, "पाऊस कुठून येतो?" सगळे एका सुरात ओरडले, "ढगातूऽऽन!" ताई म्हणाल्या "शाब्बास" आणि चित्रांचा तक्ता आणायला उठल्या. मी वहीत लिहिलं, सर्वांचा सहभाग. घरी येऊन हेडफोन लावून ऐकलं तर त्या "ढगातून"च्या मागं कडेला बसलेली एक पोरगी हळूच म्हणालेली, "आमच्या पत्र्यातून येतो". शेजारचा पोरगा लगेच, "आमच्यात बी, माय बकेट लावती". मग दोघांचं सुरू, बकेट भरली की कोण ओतून येतं, रात्री अंथरूण कुठं सरकवायचं. ताई तक्ता घेऊन येईस्तोवर जे चाललं त्याच त्या दिवसाच्या खऱ्या गप्पा होत्या आणि माझ्या वहीत त्यांचा एक शब्द नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट, फोन ताईंच्या पुढ्यात ठेवू नका. सगळे तिथंच ठेवतात, मग ताईंचा आवाज खणखणीत आणि लेकरांचं नुसतं पुटपुटणं. एक फोन ताईंजवळ आणि दुसरा गोलाच्या पार पलीकडं, लेकरांच्या बाजूला, खाली टॉवेलाची घडी टाकून (फरशीवर ठेवला तर पायांचा धपधप आवाजच जास्त येतो), दोन्ही फ्लाइट मोडवर. पंखा बंद करता आला तर करा. सुरुवातीला एकेकाला नाव सांगायला लावा आणि कोण कुठं बसलंय त्याचं चित्र वहीत काढून ठेवा, नाहीतर आठ दिवसांनी कोण बोललं तेच कळत नाही. पहिल्या दोन दिवसांचं रेकॉर्डिंग अभ्यासात धरू नका, लेकरं फोनकडंच बघत असतात.

आणि एका सुरातलं उत्तर म्हणजे वीस जणांचा सहभाग असं मोजू नका. ते वेगळं लिहा, "समूह" म्हणून.

दुसरी मोठी चूक लिहून काढताना होते. लेकरू म्हणतं "माय वावरात गेली", आपण लिहितो "आई शेतात गेली". झालं, आता त्या कागदावर लेकरू राहिलंच नाही. जसं बोललं तसंच लिहा, "बी", "जायलोय", "काऊन", सगळं. तांड्यावरचं लेकरू "याडी" म्हणालं तर ते "अस्पष्ट" नाही, गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, आईला याडी म्हणतात. एवढं तांड्यावरच्या कुणालाही विचारलं तरी कळतं, पण विचारत नाही कुणी आणि लेकराच्या नावापुढं "भाषा अविकसित" असा शेरा पडतो. मला ह्याचा फार त्रास होतो.

गप्प राहणंही लिहायचं, सेकंदांसकट. मेरी बड रो ह्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंगं ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, आपणहून बोलणारी मुलं वाढतात. ते वर्ग मोठ्या मुलांचे होते, आपली तर तीन-चार वर्षांची. पण तुमच्या कागदावर प्रश्न आणि लगेच पुढचा प्रश्न एवढंच असेल तर मधे लेकराला जागा होती का नव्हती हे कसं कळणार?

मोजणीबद्दल थोडंच. सिंक्लेअर आणि कूल्थर्ड या भाषा-अभ्यासकांनी 1975 मधे वर्गातल्या बोलण्याचा एक साचा मांडला, शिक्षकाचा प्रश्न, मुलाचं उत्तर, शिक्षकाचा शेरा. सगळे पहिले दोन मोजतात. तुम्ही तिसऱ्याकडं बघा. "शाब्बास" म्हणून विषय मिटला, की "मग बकेट भरली की काय करता?" असं विचारून पुढं गेला, गप्पा आणि तोंडी परीक्षा यातला फरक तिथंच दिसतो.

ताईंना आधी सांगा की ही तपासणी नाही. त्यांच्यामागं रजिस्टरं, पोषण ट्रॅकर अ‍ॅप, आहार, वजनं सगळं असतं, वहीपेन घेऊन कुणी आलं की त्या पाठ केलेला धडा घेऊन दाखवणार, त्यात त्यांचा काय दोष? रेकॉर्डिंग पहिलं त्यांनाच ऐकवा. मी त्या पत्र्याच्या गप्पा ऐकवल्या तेव्हा ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "ही पोरगी बोलती हे मलाच माहीत नव्हतं." आईवडलांची परवानगी संध्याकाळी घरी जाऊन घ्या, दिवसा सगळे वावरात असतात, आणि कागद वाचून दाखवा, नुसता अंगठा घेऊ नका.

शेवटचं, बीड-जालन्याकडं काम करणाऱ्यांसाठी. जूनमधे बावीस लेकरं आणि डिसेंबरात अकरा, असं झालं की "गळती" लिहून मोकळे होऊ नका. ती आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली असतात. पहिली फेरी दसऱ्याच्या आत उरका, गेलेल्यांची नावं यादीतून खोडू नका, आणि हंगाम संपून ती परत आली की पुन्हा जा. कोप्यांवर (ऊसतोडीवाल्यांच्या झोपड्या), बैलगाडीवर चार-पाच महिने काढून आलेलं लेकरू गोलात काय सांगतं, ते रेकॉर्ड करायला फोन चार्ज करून न्या.