पुरातून थेट प्रक्षेपण करताना या चुका टाळा

थेट प्रक्षेपण सुरू झाले की बातमीदाराचा कान स्टुडिओतील निवेदकाकडे, नजर कॅमेऱ्याकडे आणि पाठ वाढत्या पाण्याकडे असते. कॅमेरामनचा डोळाही व्ह्यूफाइंडरला लागलेला असतो. त्यामुळे घटनास्थळी दोन माणसे असूनही आजूबाजूला काय चालले आहे, हे पाहणारे कोणीच उरत नाही. खाली दिलेल्या बहुतेक चुका या एकाच उणिवेतून घडतात.

म्हणूनच तिसरा माणूस न ठेवणे ही सर्वांत मोठी चूक आहे. ओबी व्हॅनचा, म्हणजे थेट प्रक्षेपणाची यंत्रणा असलेल्या गाडीचा, इंजिनिअर किंवा गाडीचा चालक हे काम करू शकतो. मात्र लाईव्ह चालू असेपर्यंत त्याला बाईटसाठी, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या प्रतिक्रियांसाठी, माणसे गोळा करायला पाठवू नये. भिंतीवरची किंवा खांबावरची एक खूण धरून त्याने पाणी किती चढले ते पाहावे, गर्दीवर आणि रस्त्यावरच्या वाहनांवर लक्ष ठेवावे, आणि त्याने खांद्यावर हात ठेवताच वाक्य अर्धवट सोडून निघायचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. ही गोष्ट बातमीदारांना कामे नेमून देणाऱ्या असाइनमेंट डेस्कलाही माहीत असली पाहिजे, कारण "आणखी दोन मिनिटे थांबा" असे सांगणाऱ्याला घटनास्थळीचे पाणी दिसत नसते. तिसरा माणूस देणे जमत नसेल, तर सुरक्षित ठिकाणाहून फोनो, म्हणजे फोनवरून वार्तांकन, घ्यावा. त्याने प्रेक्षकाचे फारसे काही बिघडत नाही.

पाण्यात उतरून खोली दाखवण्याचा मोह दुसरा. वेगाने वाहणारे सुमारे १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलू शकते आणि ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार वाहून जाऊ शकते. गढूळ पाण्याखाली काय आहे ते तर दिसतच नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले, तेव्हा ते पाण्यातून चालत घराकडे निघाले होते, एवढेच. पाण्याची पातळी दुभाजक, दुकानाची पायरी किंवा बुडालेल्या गाडीचे चाक दाखवूनही समजावता येते. विजेचे खांब आणि रस्त्याकडेच्या वीजपेट्या यांच्यापासून दूर राहावे. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून जावे लागले, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) लक्षणे दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बचाव पथकाच्या होडीत जागा मिळाली की दृश्य चांगले मिळते, हे खरे. पण होडी उलटली तर बातमीदार वाचवणारा नसून वाचवावा लागणारा आणखी एक माणूस ठरतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ओडिशात महानदीत अडकलेल्या हत्तीच्या सुटकेचे वार्तांकन करताना बचाव पथकाची होडी उलटून एका वाहिनीच्या बातमीदाराचा मृत्यू झाला, तर जुलै २०१८ मध्ये केरळात पुराचे चित्रीकरण करून परतणारी होडी उलटल्याने वाहिनीचा स्थानिक बातमीदार आणि गाडीचा चालक असे दोघे बुडाले. बंधाऱ्याजवळ पाणी वरून संथ दिसले, तरी खाली प्रचंड ओढ असू शकते. होडीत बसावेच लागले, तर लाइफ जॅकेटचे सर्व बंद लावलेले असावेत आणि थेट दृश्ये पाठवणाऱ्या यंत्राची म्हणजे लाईव्हची बॅग पाठीला न बांधता खाली ठेवावी. पाण्यात पडल्यावर पाठीवरचे ते ओझे सोडवायला वेळ मिळत नाही.

दरडीच्या ठिकाणी दुसरी दरड येऊ शकते, म्हणून एनडीआरएफने (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने) आखलेली हद्द ओलांडू नये आणि ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकण्यासाठी शांतता पाळली जात असताना बोलणे बंद ठेवावे. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळलेल्या रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीला जाण्यासाठी डोंगर पायी चढावा लागत होता आणि त्या चढणीत अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. थकलेल्या बातमीदाराला साहित्यासह तिथे पाठवणे हीही डेस्कचीच चूक ठरते.

गाडीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मे २०१८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात वादळी पावसाचे वार्तांकन करणाऱ्या दोघा पत्रकारांच्या गाडीवर झाड कोसळून दोघेही गेले. गाडी झाडाखाली किंवा सखल भागात उभी करू नये, तिचे तोंड बाहेर पडण्याच्या रस्त्याकडे ठेवावे, आणि बंद जागेत जनरेटर चालवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मदत न मिळालेल्या गावात लोकांचा राग चॅनेलचा लोगो असलेल्या बूमवरही (बातमीदाराच्या हातातल्या माइकवरही) निघतो. अशा वेळी वाद न घालता बूम खाली करावा आणि निघावे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या पत्रकार संरक्षण कायद्यानुसार पत्रकारावरील हल्ल्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तपास उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. तक्रारीच्या वेळी उपयोगी पडते ते मूळ चित्रीकरण, त्यामुळे कॅमेऱ्यातील कार्ड पुढच्या लाईव्हसाठी पुसण्याची घाई करू नये.