ऑन्टॅरिओ सरोवरावरील ट्रोलिंग : नव्याने आलेल्या मत्स्यप्रेमींसाठी

टोरंटो, मिसिसागा, ओकव्हिल या पट्ट्यात नव्याने स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना कोकणात खाडीच्या काठावर बसून गरवण्याची सवय आहे, त्यांना समोर एवढे अथांग पाणी असूनही उन्हाळ्यात काठावरून सामन (सॅल्मन मासा) का लागत नाही, असा प्रश्न हमखास पडतो. सुमारे १९,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या आणि २४४ मीटरपर्यंत खोल असलेल्या या सरोवरात हा मासा उन्हाळाभर किनाऱ्यापासून दूर, थंड थरात फिरत असतो. त्याच्यापर्यंत पोहोचायचे, तर चालत्या होडीमागे ठरावीक खोलीवर आमिष ओढत न्यावे लागते, आणि त्यालाच ट्रोलिंग म्हणतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, पहिल्या हंगामात दुकानातील रंगीबेरंगी आमिषांवर पैसे घालवण्याऐवजी पाण्याचे तापमान आणि होडीचा वेग या दोन गोष्टी समजून घ्याव्यात.

त्याआधी परवान्याचे पाहू. १८ ते ६४ वर्षे वयाच्या व्यक्तीला परवाना आवश्यक आहे. मात्र ऑन्टॅरिओचा रहिवासी म्हणून तो मिळण्यासाठी मागील बारा महिन्यांत सलग सहा महिने येथे वास्तव्य झालेले असावे लागते; तोपर्यंत अधिक शुल्काचा, वेगळ्या वर्गातील परवाना घ्यावा. पासष्टी ओलांडलेल्यांना मिळणारी सूट कॅनडातील रहिवाशांपुरती आहे, त्यामुळे भारतातून भेटीला आलेल्या आई-वडिलांच्या हाती रॉड द्यायचा असेल, तर त्यांचाही परवाना काढावा लागेल. हे सरोवर प्रांताच्या मत्स्य-व्यवस्थापन क्षेत्र क्रमांक २० मध्ये येते आणि कोणत्या जातीचे किती मासे ठेवता येतात, हे त्या वर्षीच्या नियमावलीत पाहूनच निघावे. पकडलेला मासा विकणे हा गुन्हा आहे, मग घेणारा आपल्याच मंडळातला का असेना. सरोवराचा दक्षिण भाग अमेरिकेच्या हद्दीत असून तेथे न्यूयॉर्क राज्याचा परवाना लागतो.

आता मुख्य विषयाकडे वळू. चिनूक आणि कोहो हे मूळचे प्रशांत महासागराकडील सामन असून, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ते येथे नियमितपणे सोडले जात आहेत. एलवाइफ नावाच्या छोट्या माशाची बेसुमार वाढ आटोक्यात आणणे हा त्यामागचा एक हेतू होता आणि आजही चिनूकचे मुख्य खाद्य तेच आहे. चिनूकला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, तर ब्राउन ट्राउट हा येथील दुसरा मासा त्याहून थोड्या उबदार पाण्यात रमतो. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत, सरोवर अजून गारठलेले असताना, ब्राउन ट्राउट नदीमुखांजवळच्या लवकर तापणाऱ्या उथळ पाण्यात सापडतो. अशा वेळी होडीच्या सावलीला आणि आवाजाला तो बुजू नये, यासाठी प्लेनर बोर्ड (दोराला होडीपासून बाजूला ओढून नेणारी तरंगती फळी) लावून छोटी, माशाच्या आकाराची आमिषे बाजूला दूरवर न्यावी लागतात.

उन्हाळ्यात वाऱ्याकडे लक्ष ठेवावे. पश्चिमेचा जोरदार वारा एक-दोन दिवस टिकला, की उत्तर किनाऱ्यावरचे तापलेले पाणी आत ढकलले जाते, खालचे थंड पाणी वर येते आणि काल खोलवर असलेला मासा आज किनाऱ्याच्या बराच जवळ आढळतो. पूर्वेचा वारा असेल, तर नेमके याच्या उलट घडते. काल ज्या खोलीवर मासा लागला, तेथेच आज आमिष सोडणारा माणूस पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो, तो यामुळेच.

आमिष खोलवर नेण्यासाठी डाउनरिगर वापरतात. चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा तारेला लावून खाली सोडतात, रॉडचा दोर त्याच्या चिमट्यात अडकवतात आणि रॉड धनुष्यासारखा वाकेपर्यंत ताणून ठेवतात. मासा लागताच दोर चिमट्यातून सुटतो, रॉडचे टोक क्षणभर ताठ उभे राहते आणि लगेच पाण्याकडे झुकते. त्या ताठ क्षणी गडबडून न जाता सैल दोर भराभर गुंडाळावा. वेग ताशी साडेतीन ते साडेचार किलोमीटरच्या आसपास असावा, परंतु खालचा प्रवाह वेगळा असल्याने होडीतील उपकरणाच्या पडद्यावरचा आकडा आमिषाचा खरा वेग सांगत नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे होडी सावकाश वळवणे. वळणावर बाहेरच्या बाजूचे आमिष वेगाने जाते आणि आतले मंदावते, त्यामुळे कोणत्या बाजूला मासा लागला, यावरून वेग वाढवायचा की कमी करायचा, हे समजते. जुलै-ऑगस्टमध्ये दोरावर कापसासारखा चिकट थर साचून रॉडच्या टोकाचे कडे बुजते. ते काटेरी शेपटीचे सूक्ष्म जलजीव असतात आणि जाड दोर वापरल्यास त्यांचा त्रास कमी होतो.

मासा हाती आल्यावर ओळख पटवणे महत्त्वाचे आहे, कारण जातीनुसार मर्यादा बदलतात. चिनूकच्या हिरड्या काळ्या असतात आणि शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर ठिपके असतात. कोहोच्या हिरड्या फिकट असतात आणि ठिपके फक्त वरच्या पाळीवर असतात. खरा घोळ ब्राउन ट्राउट आणि अटलांटिक सामन यांच्यात होतो. ब्राउन ट्राउटचा जबडा डोळ्याच्या बराच मागे जातो आणि शेपटीची कड जवळपास सरळ असते, तर अटलांटिक सामनची शेपटी किंचित दुभंगलेली आणि तिचा बुंधा बारीक असतो. हा येथील मूळचा सामन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाला होता आणि आता तो पुन्हा रुजवण्याचे प्रयत्न चालू आहेत, म्हणून शंका असेल तर मासा सोडून द्यावा. जात आणि संख्या ओळखता येणार नाही, अशा रीतीने मासा कापून नेण्यास मनाई असल्यामुळे कालवणाच्या तुकड्या घरीच कराव्यात.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्रेडिट, ब्रॉन्टी, गनरस्का या नद्यांच्या मुखांशी मोठे चिनूक जमतात आणि तेव्हा गर्दीही उसळते. खाण्याच्या दृष्टीने मात्र मे ते जुलैमधला चंदेरी मासा चांगला, कारण विणीला निघालेल्याचे मांस मऊ आणि फिकट पडते. ऑन्टॅरिओ सरकारच्या मार्गदर्शिकेत ठिकाण, जात आणि लांबी यांनुसार महिन्यातून किती वेळा मासा खावा, हे दिलेले आहे. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठीच्या मर्यादा अधिक कडक आहेत. कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकल्यास काही रसायनांचे प्रमाण घटते, पारा मात्र घटत नाही. आपल्याकडे चरबीचा भाग चवीने खाल्ला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. तेलकट चिनूक कोकम आणि तिरफळ घातलेल्या आमटीत छान लागतो.

स्वतःची होडी घेण्याची घाई करू नये. मोटारबोट चालवण्यासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते आणि मे महिन्यातील पाणी इतके थंड असते की, पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. लाइफ जॅकेट अंगावरच असावे. पहिल्या वर्षी चार-पाच जणांनी मिळून पोर्ट क्रेडिट किंवा ब्रॉन्टी येथून चार्टर (तांडेलासह भाड्याने मिळणारी होडी) घ्यावी, प्रत्येकाने आपापला परवाना सोबत ठेवावा आणि तांडेल कोणत्या खोलीवर, का थांबतो, हे त्याला विचारत राहावे. शिदोरीत दशम्या, चटणी, काहीही न्यावे, केळी तेवढी नेऊ नयेत. होडीवर केळे अपशकुनी मानणारे तांडेल येथे बरेच आहेत.