उत्तर कोरियाविषयी ऑनलाइन माहिती शोधताना या चुका टाळा

उत्तर कोरियाच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बातमी किती ठिकाणी आली आहे, यावरून तिचा खरेपणा ठरवणे. किम जोंग उन यांच्या आत्याचे यजमान जांग सोंग थेक यांना देहदंड दिल्याचे डिसेंबर २०१३ मध्ये खुद्द तेथील सरकारी वृत्तसंस्थेने जाहीर केले. मात्र त्यांना १२० भुकेल्या कुत्र्यांपुढे टाकल्याची कथा एका चिनी समाजमाध्यमावरील उपहासात्मक मजकुरातून निघाली, हाँगकाँगच्या एका दैनिकाने ती उचलली, सिंगापूरमार्गे ती इंग्रजीत आली आणि मग जगभर फिरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गायिका ह्योन सोंग वोल यांना गोळ्या घातल्याचे दक्षिण कोरियाची राजधानी सोलमधील एका मोठ्या दैनिकाने छापले होते. मे २०१४ मध्ये त्या दूरचित्रवाणीवर दिसल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये हिवाळी ऑलिंपिकच्या तयारीसाठी शिष्टमंडळ घेऊन थेट सोलला पोहोचल्या. तेव्हा दहा दुवे वाचण्यापेक्षा मागे मागे जाऊन पहिला दुवा गाठावा आणि त्यातील ‘सूत्र’ नेमके कोठे बसले आहे, ते पाहावे.

याच्या उलट चूक म्हणजे उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयांगची सरकारी माध्यमे निव्वळ प्रचार म्हणून बाजूला सारणे. प्रचार तर तो आहेच. पण सत्तेतील कोणाचे नाव कोणत्या क्रमाने आले आणि कोणाचे गळले, हे तेथेच कळते. कार्यक्रमाचे वृत्त बहुधा दुसऱ्या दिवशी येते, हेही ध्यानात ठेवावे. एप्रिल २०२० मध्ये किम यांच्या मृत्यूच्या अफवा शिगेला पोहोचल्या असताना ते १ मे रोजी सुनचोनच्या खत कारखान्यात उपस्थित राहिले आणि जगाला ते २ मे रोजी समजले. शिवाय जुना मजकूर जागेवर असेलच, असे नाही. जांग यांच्या पाडावानंतर सरकारी संकेतस्थळांवरील हजारो जुन्या बातम्या काढून टाकल्या गेल्या, त्यामुळे आज एखादी बातमी तेथे सापडली नाही म्हणून ती आलीच नव्हती, असा निष्कर्ष काढता येत नाही. अशा वेळी संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहांत शोध घ्यावा.

दक्षिण कोरियाकडून येणारी माहिती तटस्थ मानणे हीही चूकच. कोरियन युद्धात २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली, शांतता करार आजतागायत झालेला नाही, आणि युद्ध कागदोपत्री न संपलेल्या दोन पक्षांपैकी सोल हा एक पक्ष आहे. उत्तरेतून पळून दक्षिणेत पोहोचलेल्या सुमारे ३४ हजार निर्वासितांत स्त्रिया बहुसंख्य आहेत आणि बहुतेक जण चीनच्या सीमेलगतच्या प्रांतांतील आहेत. सीमेवरील ह्येसान शहराच्या बाजारातील व्यवहारांविषयी त्यांचा शब्द मोलाचा. सत्तेच्या दालनातील गुपितांसाठी तोच पुरावा धरू नये. आकड्यांचेही तेच: प्याँगयांग राष्ट्रीय उत्पन्न नियमितपणे प्रसिद्ध करत नाही, सर्वत्र उद्धृत होणारा आकडा दक्षिणेच्या मध्यवर्ती बँकेचा अंदाज असतो.

शोधून काहीच हाती लागत नसेल, तर अनेकदा दोष नावाच्या लेखनाचा असतो. उत्तरेतील ‘री’ हे आडनाव दक्षिणेत ‘ई’ होते आणि इंग्रजीत पुष्कळदा ‘ली’. म्हणून तिन्ही रूपे टाकून पाहावीत आणि शोधाला तारखेची मर्यादा घालताना शेवटी एक दिवस वाढवून ठेवावा.